घर द्यायची दुपार

४ नोव्हेंबर, मंगळवार

आलो एकदाचे. टेम्पोवाला कपाट उतरवून झाल्यावर बराच वेळ तळ्याकडे बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, की साहेब, इथे माणूस म्हातारा व्हायचाच नाही. मी त्याला चहा पाजला. वार्ताहर म्हणून तीस वर्षं काढली, पण कपभर चहात इतकी खुशामत कधी वाट्याला आली नव्हती.

ही रोजनिशी नम्रताच्या आग्रहाने. तिचं म्हणणं, आजवर लोकांच्या घरातल्या बातम्या लिहिल्यात, आता स्वतःच्या घरातल्या लिहा; वाचणारं कुणी नाही, तेव्हा खोटं लिहायचंही कारण नाही.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून आम्ही दोघं 'निवांत जागा' बघत होतो. बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीच्या तिन्ही बाजूंना जुन्या इमारती पाडून नव्या चढताहेत, आणि त्या धुळीतली निम्मी नम्रताच्या छातीत जाऊन बसली होती. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. हे सांगायला सोपं. वाईला गेलो, घाट सुंदर, पण घाटावर बसलेली सगळी मंडळी आमच्याच सोसायटीतली वाटली. पाचगणीची हवा उत्तम, पण ती खायला आलेल्यांच्या गाड्यांची रांग पार खालपर्यंत. दापोलीत नम्रताला घाम सोसेना आणि मला शेजारच्यांचे मासे. शेवटी सगळं पालथं घालून जे सापडलं ते महापालिकेच्या हद्दीतच निघालं.

खांबतळे हे पुण्याने अलीकडे पोटात घेतलेलं गाव. म्हणजे मिळकतकराचं बिल पोचलंय, नळाचं पाणी निघालंय. टेकडीच्या पलीकडे शहर गुरगुरत असतं, अलीकडे मात्र फक्त तळं. तळं म्हणजे जुन्या बंधाऱ्याचं साठलेलं पाणी, पण ते इतकं स्तब्ध की त्यात डोंगर उलटा नाही, नुसता दुसरा वाटतो. उतारावर रंगराव नावाच्या इथल्या मोठ्या शेतकऱ्याने काही बैठी घरं बांधली आहेत. त्यातलं पाण्याच्या सर्वांत जवळचं आमचं. वर्षभर राहून बघा, मानवलं तर घ्या, असं रंगरावांनी सांगितलंय.

माझी निवृत्तीची कल्पना एका शब्दात मावते : वामकुक्षी. सगळं पुणं एक ते चार आडवं झालेलं असताना मी तीस वर्षं पत्रकार परिषदांना उभा राहिलो. हा अन्याय आता भरून काढायचा आहे. शास्त्रात सांगितल्याप्रमाणे डाव्या कुशीवर, खिडकीकडे तोंड करून. पलंग तसाच लावून घेतला. झोपता झोपता तळं दिसतं.

९ नोव्हेंबर, रविवार

नम्रताने आज सकाळी तळ्याला अर्धी फेरी मारली आणि परत येऊन धाप न लागता माझ्याशी भांडली. विषय, चहात आलं जास्त पडल्याचा. बिबवेवाडीत तिचं भांडण मधेच श्वासासाठी थांबायचं आणि मी त्या फटीतून निसटायचो. आता फट उरलेली नाही. औषधाचा पंप तिने ड्रॉवरमध्ये टाकून दिला. मला केवढं बरं वाटलं हे तिला बोललो नाही. तशी आमच्यात पद्धत नाही.

दहाच्या सुमारास रंगराव सपत्नीक आले. पांढरी गाडी, पांढरे कपडे, गळ्यात साखळी, पायात मात्र शेतातल्या धुळीने माखलेल्या वहाणा. त्यांच्या पत्नी मैनाताईंनी भाकरी आणि भरीत आणलं होतं. चहा झाल्यावर रंगराव म्हणाले, की इथे राहायला अट एकच, ती पाळायची.

अट अशी. दर अमावास्येला दुपारी बाराच्या आत घर सोडायचं. मधल्या खोलीत वाकळ अंथरायची, तांब्याभर पाणी ठेवायचं, दार नुसतं लोटून घ्यायचं, आणि भाकऱ्या बांधून सगळ्या गावाबरोबर देवळापाशी वडाखाली जाऊन बसायचं. दिवेलागणीला परत. याला इथे 'घर देणं' म्हणतात. कुणाला देणं, असं मी विचारलं. रंगराव म्हणाले, ज्यांचं हाय त्यांना.

मी म्हटलं, आम्ही पुण्याचे लोक एक ते चार जिवंत माणसालाही दार उघडत नाही. नम्रताने मला टेबलाखालून पाय मारला. रंगराव हसले नाहीत. म्हणाले, की बाकी काय बी करा साहेब, फक्त त्या दुपारी घरात झोपू नका. मी हो म्हटलं. नम्रताला तर ही महिन्याची सहल फारच आवडली. वडाखाली मैनाताईंच्या हातचं जेवण म्हटल्यावर तिने पुढच्या सहा अमावास्या तिथल्या तिथे ठरवून टाकल्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मैनाताई वाकळ देऊन गेल्या. जुन्या लुगड्यांचे थर हाताने टाचलेली, जड. तिला गाळाचा वास येतो म्हटलं तर म्हणाल्या, दर महिन्याला ऊन दाखवते, वास काय जात नाही.

मी पंचांग काढलं. वडिलांनी लहानपणी पाठशाळेत बसवलं होतं, त्याचा आयुष्यात एवढाच उपयोग उरलाय. उद्याची अमावास्या दुपारी सव्वाबाराच्या आसपास संपते. म्हणजे माझं जेवण होऊन मी आडवा होईन तेव्हा प्रतिपदा लागलेली असेल, आणि प्रतिपदेला घर देण्याबद्दल आमचं काहीही ठरलेलं नाही. हा मुद्दा मी रंगरावांना फाटकाशी गाठून ऐकवला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"पान्याखालच्यांना पंचांग कोन वाचून दावतंय, साहेब?"

उत्तर इतकं उत्तम होतं की मी हसत घरात आलो. पाण्याखालचे कोण, हे विचारायचं राहून गेलं. प्रश्न विचारण्याचा पगार तीस वर्षं घेतलेल्या माणसाचं हे असं.

नम्रताने बजावलं आहे, की वडाखाली चार माणसांत पंचांग काढलंत तर मी तुम्हाला ओळखत नाही. तेव्हा तिच्या अब्रूखातर असं ठरवलंय : मंडईत जाऊन येतो म्हणून निघायचं, बसथांब्यापर्यंत जायचं, आणि गाव वडाखाली गेलं की मागच्या दाराने घरात. एका रूढीसाठी मी दुपारची झोप सोडणार नाही. ती मिळवायला मला तीस वर्षं लागली आहेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काय झोपलो!

ठरल्याप्रमाणे परत आलो तेव्हा सगळ्या उतारावर एक माणूस नव्हता. प्रत्येक घराचं दार बोटभर उघडं. कुत्रीसुद्धा लोकांबरोबर गेली होती. मधल्या खोलीत वाकळ अंथरलेली, शेजारी तांब्या. तिला वळसा घालून आत गेलो, पोळी-भाजी खाल्ली आणि डाव्या कुशीवर पडलो. तळ्यावर ऊन पसरलं होतं.

डोळा लागता लागता पाठीमागे गादी दबली. नम्रता कडेला बसली की दबते तशीच. पाठीला जरा गार लागलं. तीस वर्षांच्या संसाराची सवय. न बघता मी थोडा सरकलो आणि जागा करून दिली. त्यानंतर काही आठवत नाही. इतकी गाढ, तळाशी जाऊन बसल्यासारखी झोप मला लहानपणीही लागली नसेल.

उठलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पलंगाचा दुसरा अर्धा भाग ओला. उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली लवंडली असणार. बाटली भरलेली होती, पण एखाद्या वेळी मीच परत भरली असेन. मधल्या खोलीतली वाकळ कोरडी. तांब्या रिकामा.

नम्रता खुशीत आली. भाजी कुठाय म्हणाली. बस आलीच नाही म्हटलं. तिने जवळ येऊन वास घेतला आणि विचारलं, की बसची वाट गाळात बसून पाहिलीत का?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

प्रकृती उत्तम. भूक तर अशी लागते की लाज वाटावी. आज जेवताना पोळी बाजूला सारून मैनाताईंनी दिलेली शिळी भाकरी मागितली, कांदा बुक्कीने फोडला आणि जमिनीवर उकिडवा बसून खाल्लं. माझे गुडघे दहा वर्षांत असे दुमडले नव्हते. नम्रता म्हणाली, गाव मानवलं बरं का तुम्हाला, आता एक म्हैस घ्या.

झोप तीच. रोज दुपारी, तळाशी. उठलो की नखांत माती असते. सकाळी बागेत काम करतो, त्याची असेल. सकाळी बागेत काम मात्र नम्रता करते.

मैनाताईंच्या पाटातलं पाणी भलत्या वाफ्यात चाललं होतं, तर मी फावडं घेऊन बांध घातला. एका झटक्यात. त्या बघत राहिल्या. मी बिबवेवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावर वाढवलेली तुळससुद्धा टिकली नव्हती.

१ डिसेंबर, सोमवार

एक क्षुल्लक गोष्ट. आंघोळ करताना मी लहानपणापासून शब्द चालवतो. लोक गाणी म्हणतात, मी देवः देवौ देवाः म्हणतो. नम्रताच्या मते हा न्हाणीघराचा दुरुपयोग आहे. आज षष्ठी विभक्तीशी अडलो. पुढे काहीच नव्हतं. रस्ता खचल्यावर असतो तसा नुसता खड्डा, आणि त्या खड्ड्यात दुसरंच काही : एका विहिरीचे काठ, चिंचेची सावली, दावणीला बांधलेल्या बैलांची नावं.

दुपारी झोपलो तो पलंगावर, जागा झालो तो तळ्यात. गुडघाभर पाण्यात उभा होतो. काठावरून रंगरावांचा गडी हाका मारत होता. तो म्हणतो, मी त्याला पाण्याकडे बोट दाखवून सांगत होतो की विहीर इथे आहे, चिंचेपासून जवळ, बघून पाय टाक.

नम्रताला यातलं बोललो नाही. तिची छाती आता कुठे मोकळी झालीय.

६ डिसेंबर, शनिवार

रंगरावांकडे गेलो. तळ्याच्या इतिहासावर लेख लिहायचाय असं निमित्त केलं. ते ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं उतरवतो, हात अजून ऐकतोय तोवर.

जुनं खांबतळे पाण्याखाली आहे. रंगरावांचे वडील पाळण्यात होते तेव्हाची गोष्ट. बंधाऱ्याचं पाणी चढणार म्हणून गावाला उठायला सांगितलं होतं. बहुतेक उठले, काही अडून बसले. पाणी आलं ते अमावास्येच्या भर दुपारी. जे अडून बसले होते ते जेवून पडले होते. तसेच राहिले. त्यांची झोप अर्धी राहिलीय, रंगराव म्हणाले, ती पुरी करायला येतात. ज्याचं रान ज्या घराखाली, तो त्या घरात येतो. एक दुपार द्यायची. वाकळीवर पडतात, पाणी पितात, जातात. काही करत नाहीत.

आणि घरात कुणी झोपलेलं असलं तर?

रंगरावांनी अडकित्ता खाली ठेवला. "त्याच्या शेजारी पडत्यात. पडत्यात दोगं. उठताना येकच उठतं."

मग म्हणाले, एकदम नाही. दिवस घेतं. बोलणं जातं, मग आठवण, मग हात. पुढच्या अमावास्येला सगळं पुरं.

आमचं घर ज्याच्या रानात आहे तो महिपती. रंगरावांच्या आजोबांचा भाऊ. अंगाने दांडगा आणि बायकोवर जीव. पाणी आलं तेव्हा तीही त्याच्याजवळ होती. गोदा तिचं नाव. वाकळ म्हणूनच मोठी अंथरायची, दोघांना पुरेल अशी.

ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, की गेल्या अमावास्येला साहेब मंडईत गेले होते ना? मी सांगायला तोंड उघडलं. खरंच सांगणार होतो. तोंडातून आलं, हो, मंडईतच.

हे मी म्हटलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

नम्रताला सांगायचा तीनदा प्रयत्न केला. 'आपण इथून निघू' असं म्हणायला जातो आणि म्हणतो, की यंदा हरभरा बरा आलाय. ती हसते. तिला वाटतं मी सुखी झालोय.

आज सकाळी तिला हाक मारली तीही तिच्या नावाने नाही. तिने कमरेवर हात ठेवून विचारलं, "ही गोदा कोण? ऑफिसातली का? सांगा, आता या वयात मी काही माहेरी जाणार नाही." मी हसलो. माझ्या आत जे होतं ते हसलं नाही. त्याला हाक मारून बरं वाटलं होतं.

वही उघडली तर कालच्या पानावर एक ओळ. काल मी काही लिहिलं नव्हतं. अक्षर मोठं, दाबून काढलेलं, पाटीवर काढतात तसं :

हिला दुपारचं पडायची सवय लावाया पायजे.

हिला का? — वाचलं आणि कळलं. गोदाला कुणी जागा दिलेली नाही. ती अजून खालीच आहे. तो एकटाच वर आलाय.

१३ डिसेंबर, शनिवार

निघायचा प्रयत्न. एकटाच. मी गेलो तर नम्रताही मागोमाग येईल. बसथांब्यापर्यंत पोचलो, बसमध्ये चढलो, तिकीट हातात घेतलं. जागा झालो तो तळ्याकाठी. तिकिटाचा लगदा मुठीत.

शेफालीला, आमच्या मुलीला, फोन लावला. बंगळूरहून ये, आईला घेऊन जा, एवढंच सांगायचं होतं. ती नंतर नम्रताला म्हणाली, की बाबा किती मोकळं बोलले, शेतीवर अर्धा तास बोलले, असे आधी का नव्हते?

दुपारी नम्रता माझ्या शेजारी पडली. आयुष्यात दुपारी न झोपलेली बाई. म्हणाली, तुम्ही इतका आग्रह करताय तर पडते. मी आग्रह केल्याचं मला आठवत नाही.

ती शांत झोपली. श्वास कसा मोकळा. मी तिच्याकडे बघत बसलो, झोपलो नाही, झोपणार नाही आता — पलंगाची कड धरून बसलो. बोटांत तळ्यातला रेंदा होता.

१५ डिसेंबर

कागदावर लिहिलं : नम्रता, अमावास्येला घरात थांबू नकोस, मी काहीही म्हणालो तरी. तिच्या पिठाच्या डब्यात ठेवला. तिथे तिच्याशिवाय कुणी हात घालत नाही.

संध्याकाळी कागद चुलीपाशी. ओला. शाई उतरलेली. घरात चूल नाही, ही गॅसची शेगडी आहे. चूल का लिहिलं.

देवः देवौ — पुढे?

नम्रताला सर्दी झालीय. केस ओले ठेवून झोपली म्हणे. तिने केस धुतलेच नव्हते.

१७ डिसेंबर

आज सकाळी डोकं स्वच्छ. असे तुकडे येतात, उन्हाच्या कवडशासारखे. तेवढ्यात लिहायचं.

मैनाताईंना फाटकाशी गाठलं. शब्द नीट जुळवून, एकेक पुढे ढकलत सांगितलं, की परवा लवकर या आणि नम्रताला घेऊन जा. ती नाही म्हणाली तरी न्या. हाताला धरून न्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. नखांकडे. त्या एक पाऊल मागे सरल्या. पण म्हणाल्या, येते, दहालाच येते.

त्या येतील. मग माझं काय व्हायचं ते होवो. तिची छाती मोकळी झाली, एवढ्यासाठी तर आलो होतो. ती एवढी वडाखाली बसली पाहिजे. मैनाताईंच्या हातचं जेवली पाहिजे. एवढंच.

१८ डिसेंबर

माती उकरावी तसं आठवावं लागतं. माझं नाव सुदर्शन. राहणार बिबवेवाडी. बायको नम्रता. मुलगी — बंगळूरची —

बैल दोन. ढवळ्या आणि —

नाही. ते त्याचे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

मैनाताई दहाला आल्या नाहीत.

साडेदहा. आल्या नाहीत. फाटकाशी गेलो. गाव वडाकडे निघालंय, दारं लोटलेली. रंगरावांचा गडी शेवटी चालला होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, की साहेब तुम्हीच तर सकाळी येऊन सांगितलंत — बाईंना घेऊन बिबवेवाडीला चाललो, मैनाबाईंना म्हणावं थांबू नका. मग त्याने माझ्या पायांकडे पाहिलं आणि पळाला. अंगणात माझी पावलं ओली उमटत होती.

घरात आलो. नम्रता पलंगावर. झोपली आहे. सर्दीची गोळी कुणी दिली — शेजारी पाकीट, रिकामं. मी साडेअकराला उठवतो, तू पड, असं मी तिला म्हणालो असणार. तिने ऐकलं असणार. एवढ्या वर्षांत एकदा ऐकलं आणि तेही —

हाक मारतो. आवाज माझा नाही. तिने झोपेतच 'हूं' म्हटलं आणि डाव्या कुशीला वळली. माझ्यासारखी. खिडकीकडे तोंड. पाठीमागे जागा मोकळी.

उचलून नेतो. अंगात आता जोर आहे, त्याचाच, पण आहे. उचलायला वाकलो. हात तिच्या अंगाखाली गेले ते — पांघरूण नीट करून परत आले. ही वाकळ आहे. मैनाताईंची. मधल्या खोलीतून इथे कुणी आणली.

हात लिहायला ऐकतोय, म्हणून लिहितो. पेन सोडलं तर हेही —

बारा वाजून गेले असावेत. उतारावर काही नाही. कुत्रीही नाहीत. तळं हललं. कडेला नाही, मधोमध.

नम्रता ऊठ. हे वाचत बसू नकोस, आधी ऊठ, मागचं दार उघडं आहे, वडाकडे पळ, माझ्याकडे बघू नकोस, मी काही बोललो तर —

दार सरकलं. मधल्या खोलीत पाणी ठिबकतंय. तांब्या घेतला. पितेय. किती दिवसांची तहान —

नम्रता ऊठ नम्र

पाय वाजत नाहीत तिचे. कधीच वाजायचे नाहीत. मला कसं ठाऊक

दारात उभी हाय. भिजलेली. किती वाळली माझी —

नको. देवः देवौ देवाः देवः देवौ

ये गोदे. घाबरू नगं. बाई झोपलीय, गाढ हाय, काय बी कळायचं न्हाई तिला. हितं जागा केलीय बग तुला. थांब, म्या जरा सरकतो म्हंजी तुला नीट